दोन उन्हांचे बोंबील

रेमंडने मोबाइल कमळीच्या नाकासमोर धरला तेव्हा तिच्या हातात कोयता होता. हे त्याने आधी बघायला हवं होतं. अर्नाळ्याच्या मासळी बाजारात कमळीच्या तोंडाला लागायची एरवीही कुणाची टाप नव्हती, आणि हातात कोयता असला की गिऱ्हाईकसुद्धा एक पाऊल मागे सरून भाव विचारायचं.

मोबाइलवर एक राजा बोलत होता. अंगात जरीकाम केलेला बंद गळ्याचा कोट, डोक्यावर तिरकी टोपी, मिशीला पीळ, मागे कुंपणावर वेली सोडलेल्या. हा राजा हिंदीत सांगत होता, की आमच्या नेपाळच्या महालात बोंबील असाच करतात. राजमातेनेच शिकवलं. दोन उन्हं दाखवायची, तिसरं नाही. दुसरं ऊन उतरलं की बोंबीलही उतरला पाहिजे, तिसऱ्या उन्हात त्याचं चामडं होतं. मग निखाऱ्यावर भाजायचा आणि चिंच-लसणाच्या कोळात सोडायचा.

कमळीने आधी शब्द ओळखले. ते तिचे होते. 'दोन उन्हं, तिसरं नाय' हे ती पोरीबाळींना ओरडून सांगत आली त्याला चाळीस वर्षं झाली. मग तिने राजाचे कान ओळखले. डावा कान वरून जरा दुमडलेला. टोपी कितीही तिरकी घाल, कान कुठे जातो?

तो खिमा होता. तिच्या नवऱ्याच्या, हिराजी नाखवाच्या बोटीवरचा खलाशी. कमळीच्याच घरी बारा वर्षं जेवलेला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजमाता म्हणे! हिच्या पाटावर बसून, हिच्या हातचं खाऊन जो उठला, तो आज कुठल्या महालातल्या बाईचं नाव सांगत होता. हिमालयात बोंबील मिळतो हे तिने तरी आजवर ऐकलं नव्हतं, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ही शंका आली नाही, याचा तिला खिमाच्या थापेपेक्षा जास्त राग आला.

रेमंडला हेच हवं होतं. रेमंड वसईकडचा. मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला, आणि कामणच्या रस्त्याला स्वतःचं एसी रेस्टॉरंट काढून बसलेला. नायगाव पूर्वेला मालिकांचे आणि पिक्चरांचे सेट लागायला लागले तशी नटनट्यांची गाडी पहिली त्याच्याच दारात थांबायची. मग या राजाने जूचंद्रला मिठागराच्या कडेला 'राणा दरबार' उघडलं, आणि गाड्या वळल्या त्या वळल्या. रेमंडचं दुखणं खरं होतं. त्याने ते कमळीला सरळ सांगितलं. म्हणाला, मी तीस वर्षं कांदे चिरले तेव्हा लोक मला शेफ म्हणाले, आणि हा टोपी घालून राजा झाला. लोकांना फसवतोय, मावशी. तुम्ही फक्त यायचं, त्या सगळ्या नटांसमोर त्याला ओळखायचं, कॅमेऱ्यापुढे त्याचं नाव घ्यायचं. पुढचं मी बघतो. महिन्याभरात तिथे टाळं लागेल.

कमळीने कोयता धुतला, टोपली शेजारच्या ज्युलिएटच्या ताब्यात दिली आणि रेमंडच्या गाडीत जाऊन बसली. ज्युलिएटने विचारलं कुठे निघालीस, तर म्हणाली, एका राजाचं तोंड बघायला.

विरारची गर्दी ओलांडून गाडी हायवेला लागेपर्यंत ती पुटपुटत होती. हायवेला लागल्यावर गप्प झाली. एसीची थंडी आणि मऊ सीट. असल्या गाडीत माणसाला जुनं आठवतं.

खिमा आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. नेपाळातल्या कुठल्याशा डोंगरावरून दलालाने आणलेला, आणि धक्क्यावर सोडून दलाल पसार झालेला. हिराजीने त्याला घरी आणलं. कमळीच्या घरात तिच्या सासूपासून एक रीत होती. आलेल्या माणसाला जात, गाव, नाव काही विचारायचं नाही. आधी वाढायचं. दुसऱ्यांदा भात वाढून झाला की मगच विचारायचं, नाव काय रे तुझं? सासू म्हणायची, उपाशी माणूस खरं नाव सांगत नाही, जेवण मिळेल असं नाव सांगतो. त्या पोराने दुसरा भात खाल्ला, हात चाटला आणि आपलं लांबलचक नाव सांगितलं. कमळी म्हणाली, एवढं कोण बोलवत बसणार. तू खिमा.

समुद्र बघून पहिल्या दिवशी जो ओकला, तो तीन वर्षांत डोलीचं जाळं अंधारात ओढायला लागला. बोंबील वाळत घालायला तर कमळीनेच शिकवलं. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर टाकायची. हे बायकांचं काम म्हणून बाकीचे खलाशी हसायचे. खिमा हसू दे म्हणायचा. पहाटे बोटीवर जाताना तो कमळीच्या पाया पडायचा. आधी जमिनीला हात, मग कपाळाला. तिने कधी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

मग आठ वर्षांपूर्वी, हंगाम संपता संपता, वारा फिरला आणि हिराजी नाखवा बोटीवरून पडला. खिमाने मागोमाग उडी टाकली. परत आला तो एकटाच, अंगावर दोराचे वळ घेऊन.

दोष द्यायला गावाला कुणीतरी लागतंच. देवळासमोर जमात बसली आणि कुणीतरी म्हणालं, डोंगरातला माणूस दर्यावर आणलात, दर्या कोपणारच. दुसरा म्हणाला, मालकाला सोडून आला तो. खिमा खाली बसला होता, मान घालून. शेवटी पंचांनी कमळीला विचारलं, बोल नाखवीनबाय, हा कोण तुझा, ठेवायचा की काढायचा? कमळीला नवरा जाऊन अकरा दिवस झाले होते. तिने पदर तोंडावर ओढला. तिला ठाऊक होतं, की पोहायला हिराजीनेच शिकवलेल्या या पोराने जमेल तेवढं धरून ठेवलं असणार. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी खिमा नव्हता.

हे तिने पुढे कुणाला सांगितलं नाही. ज्युलिएटलाही नाही. तिचा राग मोठा होता तो उगीच नाही. राग केला की बाकीचं आठवावं लागत नाही.

गाडी बापाण्याला आत वळली. चंडिकेचा डोंगर दिसायला लागला, मग मिठागरं, आणि मिठागराच्या बांधाला लागून 'राणा दरबार'. मोठं काही नव्हतं. कौलारू शेड, पुढे कमान, कमानीखाली पितळी हंडा. रेमंडने सगळं समजावून सांगितलं. आत शिरताना मोबाइल त्या हंड्यात टाकायचा, हा इथला नियम. जाड पडदा, आणि पडद्याआड नटमंडळी. कोण काय खातो, कुणाबरोबर खातो, ते बाहेर जात नाही. म्हणून तर सगळे इथे पडीक असतात. रेमंडने एक मोबाइल हंड्यात टाकण्यासाठी आणला होता आणि दुसरा खिशात ठेवला होता. तो कमळीला म्हणाला, तुम्ही मागच्या अंगणात थांबा. हाक मारली की या.

मासेवाली मागच्या दाराने जाते हे कमळीला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती वळसा घालून मागे गेली आणि थांबली.

अंगणात वलांडी उभी होती. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर असते तशीच, फक्त लहान. बांबू चांगले घट्ट बांधलेले, आणि मिठागरावरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यात शे-दोनशे बोंबील डुलत होते. जबड्यात जबडा. तिने जवळ जाऊन एकाला चिमटा काढून बघितला. दुसरं ऊन. संध्याकाळी उतरवायचे. मेल्याने जागा बरोबर हेरली, असं तिच्या मनात आलं, आणि मनात आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

मग तिला पश्चिमेकडच्या टोकाची जोडी दिसली.

दोनच बोंबील. काळे पडलेले, लाकडासारखे कडक, कित्येक उन्हं खाल्लेले. त्यांच्या आजूबाजूला हातभर जागा मोकळी सोडलेली. कमळीचे पाय तिथेच राहिले. ही रीत अर्नाळ्याच्या दुसऱ्या कुणाची नव्हती, तिच्या एकटीच्या घरची होती. तिचा सासरा दर्यात गेला तेव्हापासून सासू हंगामाच्या पहिल्या बोंबलांतली एक जोडी पश्चिमेच्या टोकाला टांगायची. ती विकायची नाही, खायची नाही. गेलेल्याच्या वाट्याची. कमळीही टांगायची. पण हिराजी गेल्यावर पहिल्याच वर्षी बोट विकली, वलांडी मोडली, आणि बोंबील दुसऱ्याकडून घेऊन विकायची वेळ आली. हिराजीच्या नावाची जोडी टांगायला तिच्याकडे बांबू राहिला नव्हता.

"मावशी, त्याला हात नको लावू हां," मागून कुणीतरी म्हणालं.

एक मुलगी होती. अंगात राणीचा भरजरी घागरा, पायात रबरी चपला, हातात मोबाइल. बोलायला बाहेर आली असावी. तिने आपलं नाव एलिसा सांगितलं. वसईच्याच गावातली, बापाची केळीची वाडी होती. पडद्यावर तिचं नाव वेगळं होतं आणि तिथे ती दिल्लीची होती. हेही तिने हसत सांगितलं.

ती जोडी राजाची, एलिसा म्हणाली. राणासाहेब कुणाला हात लावू देत नाहीत. एका नटाने गंमत म्हणून ओढली होती, तर त्याला महिनाभर दारात उभं केलं नाही. मोठा हिरो असला म्हणून काय झालं? राजा बुडाला, राजमाता एकटी पडली, असं काहीतरी आहे ते. राजमातेच्या गोष्टी तर ते इतक्या सांगतात, की आम्हाला ती भेटल्यासारखीच वाटते. तोंडाची फटकळ. एकदा राजपुत्र बोंबील तिसऱ्या उन्हात विसरला तर तिने त्याला पळी फेकून मारली. तिच्या दारात आलेल्याला ती कधी नाव विचारायची नाही, दोनदा भात वाढल्याशिवाय. उजव्या हाताची दोन बोटं भाजून वाकडी झालेली, म्हणून मीठ डाव्या हाताने टाकायची.

एवढं बोलून एलिसा थांबली. कमळीने उजवा हात पदराखाली घ्यायला उशीर केला होता. रश्श्याचा टोप कलंडून भाजलेली ती दोन बोटं वलांडीच्या बांबूवर तशीच वाकडी टेकलेली होती.

एलिसाने बोटांकडे बघितलं, मग कमळीच्या तोंडाकडे. नटीची जात, पण चेहऱ्यावर काही आणलं नाही. मोबाइल घागऱ्याच्या घडीत खोचला आणि हळूच विचारलं, "तू आत येतेस ना, मावशी?"

तेवढ्यात रेमंडची हाक आलीच.

आत शिरल्यावर कमळीला क्षणभर कळेना, आपण कुठे आलो. एका टेबलावर तीन राजे बसले होते, मुकुट काढून खुर्चीवर ठेवलेले. पलीकडे दोन सेनापती आणि एक दासी. कोपऱ्यात एक महर्षी. पांढरीशुभ्र दाढी गळ्याशी ओढून ठेवलेली, आणि पुढ्यात बोंबील. ज्याच्या मालिकेसमोर घरोघरी बायका हात जोडून बसतात, तो काटा काढून बोटं चाटत होता. भिंतीवर ढाल-तलवारी होत्या. त्या जवळच्याच सेटवरून मोडीत आल्या असाव्यात; एका ढालीचा रंग उडून आतला पुठ्ठा दिसत होता.

रेमंड मधोमध उभा होता आणि दुसरा मोबाइल त्याच्या हातात होता.

त्याने घसा साफ केला आणि सगळ्यांना सांगितलं, की आज तुम्हाला या दरबाराची खरी गोष्ट कळणार आहे. नेपाळचा कुठला महाल, कुठले राणे, काही नाही. मोबाइल दिसताच महर्षींनी दाढी झपकन वर ओढली आणि ती नाकावर बसली. एका राजाने मुकुट तोंडापुढे धरला. कोणीतरी म्हणालं, शूटिंग बंद करा. पण रेमंडला आता थांबायचं नव्हतं. त्याने मोबाइल कमळीकडे वळवला.

त्याच वेळी स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि खिमा बाहेर आला. हातात वाफाळती थाळी, डोक्यावर टोपी, मिशीला पीळ.

त्याने आधी मोबाइल बघितला. मग कमळीला बघितलं.

वेळ अशी होती, की त्याला सुटायला अजून जागा होती. या बाईंना मी ओळखत नाही, एवढं तो म्हणाला असता तर कोण कमळीवर विश्वास ठेवणार होतं? तीस वर्षं हॉटेलात काढलेला रेमंड हेच धरून चालला होता, की हा नाकारेल, आणि नाकारताना पकडला जाईल. कमळीही तेच धरून होती. तिने आठ वर्षांपूर्वी त्याला ओळख दिली नव्हती. आज त्याने फेड केली असती तर तिला बोलायला तोंड नव्हतं.

खिमाने थाळी जवळच्या टेबलावर ठेवली. टोपी काढून थाळीशेजारी ठेवली. टक्कल पडायला लागलं होतं. मग तो जरीच्या कोटासकट खाली वाकला, आधी जमिनीला हात लावला, मग कपाळाला, आणि उठून म्हणाला, "नाखवीनबाय, जेवलीस का?"

राणासाहेब मराठी बोलतात हे कुणाला माहीत नव्हतं, आणि बोलले तीही अर्नाळ्याच्या धक्क्यावरची.

रेमंडला आनंद लपवता येईना. तो मोबाइल खिमावरून कमळीवर आणि कमळीवरून खिमावर फिरवत म्हणाला, बघा, राजा मासेवालीच्या पाया पडतोय. मग आवाज मऊ करून तिला म्हणाला, "आता बोला मावशी. हा कोण तुमचा?"

कमळीला देवळासमोरची ती जमात जशीच्या तशी दिसली. तसंच गोल बसलेलं माणूस, तसाच मध्ये खिमा, आणि तोच प्रश्न. हात आपोआप पदराकडे गेला. तिने पदर धरला, पण तोंडावर ओढला नाही. कमरेला घट्ट खोचला, मासळीच्या लिलावाला उभं राहताना खोचते तसा.

"ह्यो राजमाता राजमाता म्हंतो ना," ती म्हणाली, "ती मी."

रेमंडला हसू आलं. तो कॅमेऱ्याला म्हणाला, ही अर्नाळ्याची मासेवाली आहे, मी स्वतः हिला बाजारातून उचलून आणली.

"मासेवाली तर हायच. कोन नाय म्हंतो?" कमळी म्हणाली. "माज्या घरात बारा वर्सं ह्यो जेवला. माजा नवरा बुडाला तवा ह्याच्यासारकी उडी गावातल्या एकानं टाकली नाय. आनि जमातीत मला इचारलं, ह्यो कोन तुजा, तवा माजी जीब उचलली नाय. भ्याली मी. गावाला भ्याली. त्या दिसापासून ह्याला नाव नव्हतं, म्हनून ह्यानं राजाचं घेतलं. चोरलं नाय. माज्यामुळं घेतलं. आता घे तुज्या मोबाइलात, आनि सगळीकडं दाखव. ह्यो माज्या घरचा मानूस."

बोलून झाल्यावर तिला धाप लागली होती. आठ वर्षांचं एका दमात बाहेर पडलं की लागतेच. खिमा खाली बघत नव्हता. जमातीत तो मान घालून बसला होता, इथे मान वर होती आणि डोळे भरले होते. ते पुसायचीही त्याने तसदी घेतली नाही.

मग सेनापतींपैकी कुणीतरी, सवयीने असेल किंवा खरंच असेल, खर्जातल्या आवाजात सुरुवात केली, "राजमातेचा..." आणि बाकीच्या राजांनी, दासीने, एलिसाने एका सुरात "विजय असो" म्हटलं. रोज दहा वेळा म्हणायची सवय. शेडची कौलं वाजली. महर्षी दाढी सावरत उठून उभे राहिले होते. कमळीला वाटलं, ही माणसं आपली थट्टा करतायत. पण कुणाच्या तोंडावर थट्टा नव्हती. त्या शेडमध्ये स्वतःच्या बापाने ठेवलेलं नाव लावणारा एकही नट नव्हता, आणि राणासाहेब खरे राणे आहेत असं त्यांच्यापैकी कुणी कधी धरलंही नव्हतं. नेपाळच्या राजाला बोंबील कुठला, हे त्यांनाही कळत होतं. ते इथे येत होते कारण हा माणूस त्यांना खरं नाव विचारत नसे.

रेमंडच्या एवढं लक्षात आलं, की आपल्या मोबाइलात एक खलाशी आला आहे, पण त्याच्या मागे तीन राजे आणि बोंबील खाणारे महर्षी पण आले आहेत, आणि ती सगळी मंडळी आपल्याकडे बघतायत. जे गिऱ्हाईक परत मिळवायला आलो तेच समोर उभं होतं. त्याने मोबाइल खाली घेतला. एलिसाने पुढे होऊन हात पसरला आणि रेमंडने तो तिच्या हातात ठेवला. ती कमानीपर्यंत चालत गेली, हंड्यात मोबाइल पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. रेमंड मागोमाग निघाला.

"थांब," कमळी म्हणाली. "इतक्या लांब आनलंस मला. उपाशी नको जाऊ." तो थांबला नाही. कदाचित पुढच्या वेळी थांबेल, असं तिला वाटलं. कांदे चिरणाऱ्या माणसाचा तिला राग नव्हता.

मग ती खिमाकडे वळली. त्याने टोपी उचलून हातात धरली होती. आता ती घालावी की नाही, याचा त्याला पेच पडला असावा. कमळीने ती काढून घेतली आणि टेबलावर आपटली. नंतर घाल म्हणाली. कमानीवरची पाटी पण तीच राहू दे. लोकांना राजा लागतो तर राजा हो, पण आधी इथे बस. आणि तिने त्याला त्याच्याच दरबारात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर, जरीच्या कोटासकट खाली बसवलं.

ती स्वयंपाकघरात गेली. चुलीवरच्या कोळाची चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि डाव्या हाताने मीठ टाकलं. भात काढला, त्यावर बोंबील ठेवला, कोळ सोडला आणि ताट त्याच्यापुढे आणून ठेवलं. शूटिंगची वेळ झाली होती, बाहेर कुणीतरी नटांना बोलवायला येऊन उभा होता, पण एकही राजा जागचा उठला नाही. खिमाने पहिला घास घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही. मग खायला लागला. सतरा वर्षांचा असताना खायचा तसाच, खाली मान घालून, भरभर.

ताट रिकामं झालं तशी तिने न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला. तोही त्याने संपवला. हात चाटला.

कमळी समोरच्या खुर्चीवर बसली. सगळे ऐकत होते आणि सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच तिने मोठ्याने विचारलं, "नाव काय रे तुजं?"

खिमा उठून उभा राहिला. कोटाची बटणं नीट केली.

"खीमबहादूर घर्ती," तो म्हणाला. "गाव अर्नाळा."